सारवलेलं ताट

"बाई, एक सांगू का, रागावू नका," राखेचा हात ताटावरून फिरवता फिरवता मनकर्णा म्हणाली. "काल साहेबानं मले विचारलं. बाईच्या ताटात काय उरते मनून."

विमल मोरीच्या दाराशी उभी होती. हातात जिवतीला घालायची आघाडा-दूर्वांची माळ होती, अर्धी ओवलेली. श्रावणातला शुक्रवार, पुरण शिजायला टाकलेलं, आणि मनकर्णा नेहमीसारखी उंबऱ्याकडे पाठ करून भांडी घासत बसलेली. बोलली तीही भांड्यांशी बोलल्यासारखी.

"मग तू काय सांगितलंस?"

"मी काय सांगू? मनलं, साहेब, मी भांडे घासनारी बाई, मले काय समजते." तिनं ताट पालथं करून पाणी निथळू दिलं. "पर बाई, समजते. जेवल्या मानसाच्या ताटाले बोटाच्या रेघा असतात. मीठ मोडलं असते, लिंबाची फोड पिरगाळली असते. तुमचं ताट सारवल्यावानी असते. भात न वरन फासून ठेवल्यावानी." मग स्वतःशीच हसून म्हणाली, "आमच्या घरी उलटं हाय. आमची जाऊ चोरून खाते न ताट धुवून ठेवते."

विमलला हसायला हवं होतं. ती हसलीही असावी, कारण मनकर्णा पुढे जावेच्या गोष्टी सांगत राहिली. पण विमलच्या कानात तो एकच शब्द राहिला होता. सारवल्यावानी. ती स्वैपाकघरातल्या देवघरापुढे येऊन बसली, माळेतला पुढचा दूर्वांकुर उचलला आणि तो बोटांत तसाच धरून राहिली. समोर भिंतीवर जिवतीचा छापील कागद डकवलेला होता. त्याचा एक कोपरा सुटून पंख्याच्या वाऱ्यानं हलत होता. आपण रोज जे करतो त्याला नाव नव्हतं तोवर ते तिला पाप वाटलं नव्हतं. नवऱ्याला जेवायला वाढायच्या आधी आपल्या ताटात दोन घास भात, त्यावर वरण, बोटांनी फिरवून पसरायचं, वर थोडं ताक सोडायचं, ताट मोरीत ठेवायचं, हात धुवायचे, आणि पदराला हात पुसत बाहेर येऊन म्हणायचं, "झालं माझं. बसा आता." शाळकरी मुलीच्या भातुकलीसारखं. देवाला नैवेद्य दाखवतो तेव्हा तरी देव कुठं जेवतो, असं तिनं एकदा मनाशी म्हटलं होतं, आणि लगेच जीभ चावली होती.

एका घरात दोन नेम राहायला आले की माणसांनी कुठं राहायचं? त्यांचा नेम असा की आपल्या छपराखालचं शेवटचं माणूस जेवल्याशिवाय आपण जेवायचं नाही. तिचा नेम असा की ते जेवल्याशिवाय अन्नाचा कण तोंडात घालायचा नाही. बाहेरच्याला सांगितलं तर तो हसेल. तीही हसली होती सुरुवातीला, अमरावतीला कॅम्पातल्या या बंगल्यात बिऱ्हाड थाटलं त्या पहिल्या दिवशी. ते चीनच्या लढाईतून, नेफातून परत आले, इस्पितळात राहिले, पायाची दोन बोटं तिथं ठेवून आले, आणि मग त्यांची बदली इकडे झाली, कॉलेजच्या मुलांच्या एन.सी.सी.च्या पलटणीवर. पहिल्या दिवशी तिनं दोन पाट मांडले, एका पाटापुढे ताट वाढलं, आणि म्हणाली, "अहो, बसा." ते दारातच उभे. "तू जेवून घे." "असं कसं? तुम्ही आधी." "नाही विमल. तू आधी." नव्या बिऱ्हाडातली लाडीगोडी वाटली तिला. भात निवला, वरणावर साय धरली, दुपार कलली, आणि तरी ते भिंतीला टेकून तसेच उभे होते. चेहऱ्यावर राग नाही, हट्ट नाही. त्यांनी आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. आवाजाला उत्तर देता येतं. वाट पाहणाऱ्याला काय उत्तर देणार? शेवटी ती ताट घेऊन स्वैपाकघरात गेली, आणि तिथं तिचा हात आपोआप भातावरून फिरला.

तेव्हा तिला आपला नेम सांगता आला असता. पण नेम बोलून दाखवला की त्याचं बळ जातं, असं तिची आई सांगायची. आणि हा नेम साधा नव्हता. तो घेतला होता तेव्हा ती अकोल्याला सासरी होती. कार्तिक संपत आला होता. रेडिओ रोज एकेक गाव गेल्याचं सांगत होता, तिनं कधी न ऐकलेली गावं, आणि यांच्या तुकडीचं काही म्हणता काही कळत नव्हतं. मामंजी म्हणजे मोरोपंत वकील, अकोल्याच्या कोर्टात ज्यांच्या आवाजाला न्यायाधीश दचकतात असं लोक म्हणत, ते त्या दिवसांत घरात कुजबुजल्यासारखे बोलत. विमल राजराजेश्वराला गेली. गाभाऱ्यात ओल होती, पायांना गार लागत होतं, आणि तिला वाटलं की तिकडे याहून गार असेल, बुटात बर्फ असेल. तिनं तळहातावर पाणी घेतलं आणि म्हटलं, ते परत येऊ देत. त्यांच्या आधी मी जन्मभर जेवणार नाही. ते समोर असोत की नसोत. पाणी सोडलं. त्या दिवसापासून ती रोज त्यांचं ताट वाढून रिकाम्या पाटापुढे ठेवायची, माणसाला जेवायला जितका वेळ लागतो तितका वेळ हात जोडून बसायची, आणि मग त्याच ताटात जेवायची. सासूबाई एकदा दारातून बघून गेल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून त्या ताटात लोणच्याची फोड जास्तीची येऊ लागली. आणि ते आले. काठीला टेकत, दाढी वाढलेली, पण आले. ज्यांच्या बायकांनी काही सोडलं नव्हतं त्यांचे आले नाहीत, असं ती कधी म्हणाली नसती. पण मनाला कोण बांधणार? तिचा नवरा तळहातभर पाण्यावर तरंगत परत आला होता, आणि ते पाणी सांडायचं नव्हतं.

आणि आता ते पुन्हा जाणार होते. त्यांच्या जुन्या पलटणीनं बोलावलं होतं. काश्मिरात माणसं घुसल्याचं पेपरात येत होतं, आणि जुन्या कंपनीवर जुनाच साहेब हवा असं वरून आलं होतं. रविवारची गाडी ठरली. बातमी सांगताना त्यांचा चेहरा एकदम तरुण दिसला, आणि त्याच संध्याकाळी त्यांनी मनकर्णाला विचारलं होतं, बाईच्या ताटात काय उरतं.

पुरणाचा वास घरभर झाला. ती उठून चुलीशी गेली, डाळ डावाखाली दाबून पाहिली. ताटं पाहणं त्यांना नवं नव्हतं. एन.सी.सी.च्या पहिल्या शिबिराला, सेमाडोहच्या बाजूला जंगलात, ती एकदा गेली होती, साहेबांच्या बाई म्हणून. कॉलेजची पोरं. शहरातल्या वकील-डॉक्टरांची मुलं घरून डबे घेऊन आलेली, आपली आपली बसणारी. खेड्यांतली पोरं दुसरीकडे, भाकरी मोडून खाणारी. आणि काही पोरं अशी की कुठं बसावं हे त्यांना शिकवायला लागलं नव्हतं, ती आपोआप सगळ्यात लांब बसत. तिला वाटलं, हे आता भाषण करतील. ते काहीच बोलले नाहीत. रांगेत सगळ्यात शेवटी, त्या लांब बसणाऱ्या पोरांच्याही मागे, रिकामी थाळी हातात धरून उभे राहिले. त्यांच्यापर्यंत येता येता डाळ संपली तर कोरडी रोटी खाल्ली. दुसऱ्या दिवशी वकिलांची पोरं चुळबुळली. नंतर रांगेत ढकलाढकली सुरू झाली, आधी जायची नव्हे, मागे राहायची. शिबिर संपता संपता पोरं इतकी सरमिसळ बसत होती की कोण कुठलं हे तिला ओळखू येईना. परत येताना जीपमध्ये ती म्हणाली, "तुम्ही एक शब्द बोलला नाहीत." ते म्हणाले, "हुकूम दिला की माणूस हलतो, विमल. बदलत नाही. बदलायला त्याला काही दिसावं लागतं." तिला तेव्हा अभिमानानं भरून आलं होतं. साधुसंतांच्या गोष्टींत असतं तसं वाटलं होतं. दिसण्यातही फास असतो, हे तेव्हा कुठं ठाऊक होतं?

हे तिला शेंदूरजनाघाटच्या खुशालरावांनी सांगितलं, हसत हसत. संत्र्यांची टोपली घेऊन आले होते दिवाळीनंतर. त्यांचा पोरगा शिबिराला होता. "साहेबानं पोरगं सुधारलं बाई, खोटं कावून बोलू," ते ओसरीवर पाय पसरून म्हणाले. "पैले मायवर खेकसे. आता काय करते माहीत हाय? मायचं जेवन होयेपर्यंत स्वतः जेवत नाही. तिच्या ताटाजवळ हुभा राहते, शिपायावानी."

"चांगलंच आहे की," विमल म्हणाली.

"चांगलं हाय, पर मायले घास गियता येत नाही ना. तिचा जलम गेला चुलीमांगं बसून खान्यात. कोनी पाहून राहिलं तं तिले जेवताच येत नाही. रडते बिचारी. मने, तुमच्या साहेबाले सांगा, माह्या पोराले म्हनाव बस आता." आणि खुशालराव एवढ्यानं हसले की टोपलीतलं एक संत्रं घरंगळत पायरीवरून खाली गेलं. विमलनं हे यांना सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. "तिला सवय होईल," म्हणाले.

तसंच गेल्या वर्षी अकोल्याला, महालक्ष्म्यांच्या जेवणाला. घर माणसांनी भरलेलं, सोळा भाज्यांचा नैवेद्य, पुरुषांची पंगत मांडलेली, आणि हे खांबाशी उभे. मामंजी म्हणाले, "चिंतामण, बस. ही तुझी मेस नाही."

"बायका पहाटेपासून उपाशी आहेत, बाबा."

"उपाशी नाहीत. त्यांचा उपास आहे. फरक आहे."

"मनात आलं तर मोडता येतो का त्यांना?"

मोरोपंत उठले, उपरणं झटकलं आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले. त्यांच्यामागे एकेक पुरुष उठला. शेवटी बायकांची पंगत आधी बसली. कुणी वर मान करेना. पुरणपोळीचे तुकडे बोटांत कुस्करले जात होते, गिळले जात नव्हते. दारातून पुरुष बघत होते, आणि वाढायला स्वतः हे, वाकून वाकून, प्रेमानं. संध्याकाळी सासूबाई पाय चेपून घेताना हळूच म्हणाल्या, "विमल, तुझ्या नवऱ्यानं आज आम्हाला जेवू घातलं की शिक्षा केली गं?" त्या पंगतीत विमलही होती. तिनं तेव्हाही ताट सारवलं होतं. सगळ्यांदेखत, घास तोंडापर्यंत नेऊन परत ठेवत. इतकी सवय झाली होती तिला.

बाहेर जीपचा आवाज आला. इतक्या लवकर ते यायचे नव्हते. तिनं पदर नीट केला. आता ते विचारतील, असं तिला वाटलं. पण त्यांच्याबरोबर कुणीतरी होतं. एक म्हातारी, हिरवट लुगड्याचा काष्टा घातलेली, डोक्यावर गाठोडं. फाटकाशी थांबून ती बंगल्याकडे अशी पाहत होती, जसं कुणी परक्या देवळाकडे पाहतं, आत जावं की नाही म्हणून.

"विमल, या गोदाबाई," ते म्हणाले. "अचलपूरकडच्या. शालिकरामची आई."

शालिकराम कोण हे तिनं विचारलं नाही. त्यांनी ते नाव या आधी कधी उच्चारलं नव्हतं, आणि आता ज्या तऱ्हेनं उच्चारलं त्यावरून सगळं कळल्यासारखं झालं.

गोदाबाईंना ओसरीवर बसवलं. विमलनं पाणी दिलं. म्हातारी तांब्या वरून धरून पाणी प्यायली, तोंड पुसून सरळ त्यांच्याकडे पाहत म्हणाली, "साहेब, पटवारी मने, तुमी आता पुन्ना चालले. मनलं, गेले मंग भेटतीन का नाही. एकच पुसाले आली मी. बाकी कागदात आलं सारं. पर कागदात थे नाही लिवत."

"विचारा, माय."

"जाताना त्याच्या पोटात काही होतं का?"

विमल दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिला वाटलं, ते आता काहीतरी बरं सांगतील. साहेब लोक सांगतात तसं. ते गोदाबाईंसमोर जमिनीवर बसले. दुखऱ्या पायाची मांडी त्यांना नीट घालता येत नसे, तरी घातली.

"नाही, माय," ते म्हणाले. "नव्हतं."

म्हातारीनं गाठोडं मांडीवर ओढून घेतलं.

"आम्ही मागे फिरलो होतो. जंगलातून. थोडेच जण उरलो होतो, आणि खायला काही नव्हतं. शालिकरामकडे एक रोटी होती, कोटाच्या आत ठेवलेली. ती त्यानं मला दिली. मी विचारलं, तुमचं? तो म्हणाला, साहेब, आमी खाल्लं. बाकीच्यांनी माना हलवल्या. मी खाल्ली." ते थांबले. "मी माणसांची ताटं पाहणारा माणूस. कोण जेवलं, कोण नाही, मला तोंडावरून कळतं. त्या दिवशी मी तोंडांकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर खाता आली नसती. सकाळी निघायच्या वेळी तो झाडाला टेकून बसलेला होता. हाक मारली तर उठला नाही."

आत जिवतीच्या कागदाचा कोपरा फडफडत होता. विमलला वाटलं, आपण हे ऐकायला नको होतं. मोरीत ठेवलेलं एकेक ताट तिच्या डोळ्यांपुढे आलं, दोन वर्षांचं, त्या सगळ्या ताटांवर तोच एक शब्द सारवलेला. खाल्लं. आमी खाल्लं. झालं माझं, बसा आता. तिला वाटायचं की ती त्यांना आपल्या नेमानं जिवंत ठेवते आहे, आणि ती रोज दुपारी त्यांना त्या झाडापाशी नेऊन बसवत होती.

"तुमी त्याच्यासमोर खाल्ली?" गोदाबाईंनी विचारलं.

"हो."

"सारी?"

"हो."

म्हातारीनं मान हलवली. "मंग बरं झालं. अर्धी ठेवली असती तं त्याले लागलं असतं." मग म्हणाली, "थो खोटं बोलला साहेब. तुमाले वाटत असंन तुमच्या पलटनीनं शिकवलं त्याले. नाही. माह्यापासून शिकला. पीठ कमी असे तवा मी मनो, मी खाल्लं, तू खाय. लय दिवस चाललं. मंग येक दिवस थो मले मने, माय, मीनं बी खाल्लं. आता काय करता? आमी दोघं उपाशी न भाकर टोपल्यात. येकमेकाकडं पाहून राहिलो."

"मग?" विमलच्या तोंडून निघून गेलं. त्या दोघांनीही तिच्याकडे पाहिलं.

"मंग काय बाई. कोनाले तरी खा लागते ना. मीनं खाल्ली. त्याच्यासमोर बसून, मोडून मोडून. लय जड गेली. आपल्याच पोरासमोर खानं म्हन्जे काय सोपं हाय? पर मी घास गियला तवाच त्यानं तोंडात टाकला." तिनं गाठोड्याची गाठ उगीच सोडली आणि पुन्हा बांधली. "खानं बी काम असते कवा कवा. तुमी थे काम केलं त्याच्यासाठी. आता दुसरं काही मनात ठेवू नका."

मग तिनं विचारलं, "थे झाड कोनत्या बाजूले येते, साहेब?"

नकाशे वाचण्यात ज्यांचा हात कुणी धरत नसे, ते क्षणभर गोंधळले. मग त्यांनी हात वर करून स्वैपाकघराच्या भिंतीकडे दाखवलं. त्याच भिंतीवर जिवतीचा कागद होता. म्हातारी तिकडे पाहत राहिली. विमलनं पूजेच्या तबकातल्या अक्षता पुढे केल्या. जिवतीच्या शुक्रवारी बाया परगावच्या लेकरांसाठी चारी दिशांना अक्षता टाकतात, हे गोदाबाईंना सांगायला नको होतं. त्यांनी चिमूट घेतली, जरा विचार केला, आणि ती समोर बसलेल्या साहेबाच्या डोक्यावर टाकली.

"जेवून जा," विमल म्हणाली.

"मी खाऊन आली," गोदाबाई म्हणाल्या, आणि म्हणता म्हणताच त्यांना हसू आलं. तोंडात दोनच दात होते. "पाहा बरं, मेली जीभच तशी हाय. नाही खाल्लं बाई. वाढा."

साहेबांनी स्वतः वाढलं. म्हातारी सावकाश जेवली, कुणी पाहतंय याची पर्वा न करता, शेत निंदल्यासारखी, एका बाजूनं. पोळीचा शेवटचा तुकडा दुधात बुडवून म्हणाली, "पुरन गोड कमी हाय, पर लुसलुशीत झालं." मग जीपनं तिला मोटारस्टँडवर सोडायला माणूस गेला, आणि फाटक लागल्याचा आवाज झाल्यावर घर एकदम रिकामं झालं.

ते स्वैपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. डोक्यावर दोन अक्षता अजून अडकलेल्या होत्या.

"जेवलीस?"

रोजचा प्रश्न. तिचा हात रोजच्यासारखा ताटाकडे गेला होता, भात वाढलेला होता, वरण वाढलेलं होतं. बोटं फिरवायला एक निमिष लागतं.

"नाही," ती म्हणाली.

"काल?"

"नाही. रोज तुमच्यानंतर."

ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी भिंतीला पाठ टेकली आणि हळूहळू खाली बसले. "मला ठाऊक होतं," ते म्हणाले. "पहिल्या दिवसापासून. ताट पाहून कळत होतं. ठाऊक असून मी जेवत होतो. पुन्हा तेच." त्यांनी दोन्ही हात तोंडावरून फिरवले. "जायच्या आधी कुणीतरी ते माझ्या तोंडावर म्हणावं म्हणून मनकर्णाला विचारलं. तिनंही सांगितलं नाही."

मग तिनं आपला नेम सांगितला. राजराजेश्वर, तळहातावरचं पाणी, रिकाम्या पाटापुढचं ताट. सांगताना तो तिला आपला वाटेना; दुसऱ्या कुणा बाईची कहाणी वाचावी तसं वाटलं, आणि कहाणी ऐकणारीला ठाऊक असतं, वसा टाकला की पुढे काय होतं. राज्य जातं, माणूस जातो. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मोड असं म्हणाले नाहीत, मोडू नको असंही म्हणाले नाहीत. वाट पाहत बसले. तेच त्यांचं जुनं हत्यार, आणि आज त्यांना ते हत्यार आहे हेही कळत नव्हतं. रविवारी जायचं होतं. ती जेवली नाही तर हे उपाशी, किंवा ठाऊक असून जेवलेले, आणि तसेच त्या डोंगरात जाणार. ती जेवली तर ते पाणी सांडणार. कुठल्याही दारानं गेलं तरी त्याच खोलीत यायचं होतं. उद्यापन करून सोडता येतील असे नेम तिनं पुष्कळ पाळले होते. ह्याला उद्यापन नव्हतं.

तिनं दोन पाट समोरासमोर मांडले. त्यांचं ताट वाढलं. आपलं वाढलं, मीठ, लिंबू, सगळं जागच्या जागी. भिंतीवरच्या जिवतीकडे पाहिलं नाही. बसली. भाताला हात लावला तो निवला होता. लिंबाची फोड पिरगाळली, रस बोटांवरून ओघळला, कुठंतरी चिरलं होतं तिथं झोंबला. घास उचलला. राजराजेश्वराच्या गाभाऱ्यातला गारवा पायांना लागल्यासारखा झाला. घास तोंडात गेला आणि तिथंच राहिला, मोठा होत गेला. चावावा तेवढा वाढत गेला. ते तिच्या गळ्याकडे पाहत होते. एका माणसाचा जीव गिळायला किती वेळ लागतो? तिनं डोळे मिटले आणि गिळला.

डोळे उघडले तेव्हा त्यांचा हात भातात होता. त्यांनी घास घेतला, चावला, आणि थांबले. तिच्याकडे पाहत.

तिनं दुसरा घेतला. मग त्यांनी दुसरा.

असं ते जेवले, घासामागून घास, एखाद्या अवघड वाटेनं दोघांनी एकमेकांच्या पावलात पाऊल टाकत उतरावं तसे. आणि निम्म्या ताटावर आल्यावर तिला कळलं की हे रविवारी संपणार नाही. ते जातील तिथं शेवटी जेवतील. त्यांच्या आधी त्यांची माणसं, आणि त्या सगळ्यांच्या आधी, इथं, या भिंतीच्या अलीकडे, तिला जेवावं लागेल. रोज. भूक असो नसो. सोमवार असो, एकादशी असो, बातमी येवो न येवो. ज्या दिवशी तिच्या गळ्याखाली घास उतरणार नाही, त्या दिवशी तिकडे त्यांचा हात थाळीवर तसाच थांबेल. आयुष्यभर उपासांवर उभी राहिलेली बाई ती. तिला आता उपास करायची सोय राहिली नव्हती. पाणी हातात घेतलं नव्हतं, संकल्प म्हटला नव्हता, तरी नवा नेम लागला होता, आणि तो जुन्यापेक्षा अवघड होता.

संध्याकाळी मनकर्णा आली. मोरीत बसली, एक ताट उचललं, आणि बोलता बोलता थबकली. बोटांच्या रेघा, मोडलेलं मीठ, पिरगाळलेली फोड. तिनं ताट दाराच्या उजेडाकडे जरासं कलतं धरलं. मग राखेचा हात त्यावरून फिरवला.